देवघरातलं माप

माझी शुगर भैयाजीपेक्षा कमी यावी, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं. त्याला गांधीबागेच्या बाजारात दुकान दिलं, स्कूटर दिली, अमेरिकेत डॉक्टर जावई दिला. मी देवाला जाब विचारला नाही. म्हणजे विचारला, पण मोठ्यानं नाही. निदान रक्तातली साखर तरी त्याची जास्त आणि माझी कमी असावी, एवढ्यावर मी समाधानी होतो. तेवढं देवानं दिलं, पण ते कोणाच्या लक्षात येऊ दिलं नाही.

भैयाजी माझा लहानपणापासूनचा मित्र. नागपूरच्या महाल भागात एकाच गल्लीत समोरासमोर घरं. त्याचं कापडाचं दुकान आता मुलगा बघतो. मी सरकारच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होतो, आता पेन्शनीत. उभा जन्म व्यापाऱ्यांचे तराजू तपासण्यात गेला. भैयाजीच्या दुकानातली मीटरची पट्टीही मी दर वर्षी तपासायचो. ती दर वर्षी बरोबर निघायची आणि मला दर वर्षी वाईट वाटायचं.

गल्लीतला पहिला रेडिओ त्याच्याच घरी आला. पहिला फ्रिज आणि पहिला टीव्हीही त्याच्याच घरी. मी प्रत्येक वेळी बघायला जायचो, एखादी खोड काढायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. माझी बायको कौशल्या ताट झाकून ठेवायची. कारण विचारण्याची तिला गरज नव्हती.

मधुमेह मात्र मला आधी झाला. तेवढ्या एका गोष्टीत मी त्याच्या पुढं होतो. गल्लीत कोणाला जास्त तहान लागली, कोणाचं वजन उतरलं, की लोक माझ्याकडे यायचे. मी त्यांना माझी परीक्षानळी दाखवायचो. त्यात निळं औषध घालायचं, लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर डॉक्टर गाठा. पुढं भैयाजीलाही साखर निघाली. तेव्हा पहिला धडा त्यानं माझ्याकडेच घेतला. ते दिवस मला फार आवडले.

मग ऐंशी साल उलटल्यावर एका दिवाळीत जावई आला आणि त्यानं सासऱ्यासाठी मशीन आणलं. विटेएवढं, करड्या रंगाचं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब एका बारीक पट्टीवर घ्यायचा, थोडं थांबून पुसायचा आणि पट्टी मशीनच्या खाचेत सरकवायची. खिडकीत लाल आकडा पेटायचा. नळी नको, दिवा नको, नाक दाबणं नको.

दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली त्याच्या ओट्यावर. माझ्या परीक्षानळीकडे कुत्रंही फिरकेना. पट्ट्या अमेरिकेहून यायच्या, त्या मोजक्याच. त्यामुळे कोणाचं बोट टोचायचं ते भैयाजी ठरवायचा, आणि लोक आपलं बोट टोचून घेण्यासाठी त्याची मनधरणी करायचे. मला मात्र दर रविवारी न मागता मान होता.

"वामन्या आपला जुना पेशंट आहे, त्याचा नंबर पहिला," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा.

जुना पेशंट! ज्यानं याला साखर म्हणजे काय ते शिकवलं, तो याचा पेशंट! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी मी जायचो. नाही गेलो तर त्याचा आकडा मला कसा कळणार?

मशीनबरोबर एक छोटी बाटली आली होती. तिच्यात ठरावीक साखरेचं पाणी होतं आणि बाहेर चिठ्ठीवर आकडा छापलेला होता. पट्ट्यांची नवी डबी उघडली की त्या पाण्याचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि मशीनवर नेमका तोच आकडा येईपर्यंत मागचा बारीक स्क्रू फिरवायचा. म्हणजे मशीन जुळलं. जावयानं हे समजावून सांगितलं तेव्हा ओट्यावरच्या कोणाला काही कळलं नाही, मला लगेच कळलं. हा तर आमच्या खात्यातला प्रकार. आमच्याकडे पितळेची प्रमाण वजनं असत, मखमलीच्या पेटीत, कुलूपबंद. त्यांच्यावरून बाजारातली वजनं तपासायची.

"भैयाजी," मी म्हणालो, "ही बाटली म्हणजे तुह्या मशीनचं प्रमाण आहे गा. हिच्यात फरक पडला का समदं चुकलं. नीट बंद करून ठेव."

त्यानं यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. व्यापारी माणूस. दसऱ्याला दुकानातल्या कात्रीला फुलं वाहणारा, मीटरच्या पट्टीला कुंकू लावणारा. प्रमाण म्हटल्यावर त्याच्या लेखी तो देवच झाला. त्यानं बाटली नेऊन थेट देवघरात ठेवली, नंदादीपाशेजारी. रबरी बूच देवासमोर बरं दिसेना, म्हणून ते काढून टाकलं आणि बाटलीच्या तोंडावर तुळशीचं पान ठेवलं. इंदूबाई, म्हणजे भैयाजीची बायको, रोज सकाळी देवांबरोबर तिलाही कुंकवाचं बोट लावायच्या आणि ताजं पान ठेवायच्या.

"अबे, ते औषध आहे, तीर्थ नाही," मी म्हणालो.

"जळू नको वामन्या," भैयाजी म्हणाला. "तुह्या खात्यानं वजनं कुलपात ठेवली, मी देवापाशी ठेवतो. देवापाशी कोण हात लावते?"

ओट्यावरचे हसले. मी घरी आलो. कौशल्यानं ताट झाकलं.

उन्हाळा तापला तशी पट्ट्यांची जुनी डबी संपली आणि अमेरिकेहून कोणाच्या तरी हाती नवी आली. नवी डबी अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर उघडायची असं भैयाजीनं ठरवलं. गल्लीला आमरसाचं जेवण. मला खास बोलावणं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी कारल्याचा रस पीत बसलो. कौशल्या मात्र गेली आणि परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं, जरा जास्तच रंगवून.

"बाटलीतल्या पाण्याचा आकडा डब्बल आला नं! भैयाजी म्हणाले, मशीन ठंड्या मुलखातलं, आपल्या नागपूरच्या उन्हानं चढलं. मंग पेचकस घेतला अन् स्क्रू फिरवत फिरवत आकडा बरोबर खाली आणला. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या काहून?"

"मले काय माहीत! सगळे वाजवून राहिले होते, मीबी वाजवल्या."

त्यानंतरच्या रविवारी मी ओट्यावर गेलो. भैयाजीनं बोट टोचलं, पट्टी सरकवली. लाल आकडा पेटला तो पंच्याण्णव. माझा! कधी दीडशेच्या खाली न आलेला माणूस मी. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची भुकटी, सगळं फळाला आलं होतं. मी उभा राहिलो. काही बोलावं म्हणून घसा खाकरला. एवढ्यात भैयाजीनं स्वतःची पट्टी सरकवली.

एकशेतीस.

मागल्या महिन्यात ह्याचा आकडा अडीचशेच्या पुढं होता. ह्यानं पथ्य म्हणून काही केलं नव्हतं. उलट अक्षय तृतीयेपासून रोज आमरस चालू होता, संध्याकाळी संत्रा बर्फी होती, आणि रविवारची जिलबी तर त्याच्या शेजारी आत्ताही ठेवलेली होती, कागदात तूप उतरलेली.

"पाहा गा," तो सगळ्यांना म्हणाला, "वामन्यानं कारलं खाल्लं, मी आमरस खाल्ला. दोघायची सारखीच उतरली. मंग कारलं कायले खाता?"

लोकांनी माना डोलावल्या. माझं पंच्याण्णव कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. कारल्याच्या त्या प्रत्येक घोटाची चव माझ्या तोंडात परत आली. मला वाटलं, ह्यानं जावयाकडून चोरून काहीतरी गोळी मागवली असणार. माझी कमाई कष्टाची आणि ह्याची चोरीची, पण बाजारात भाव एकच. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं, धंतोलीत जाऊन चांगल्या लॅबमधून आपलं पंच्याण्णव लिहून आणायचं, सहीशिक्क्यासकट, आणि ते त्याच्या ओट्यावर वाचून दाखवायचं.

धंतोलीत डॉक्टर अरुंधतीबाईंची लॅब होती. आमच्या खात्यातल्या गणपतरावांची ही मुलगी. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली. तिनं रक्त काढलं, तासाभरानं स्वतः बाहेर आली.

"काका, एकशेनव्वद आहे. पथ्य पाळता ना?"

"बाई, पुन्हा पाहा. माझी पंच्याण्णव आहे."

तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. मी तिचं मशीन बिघडलंय म्हणालो. ती गणपतरावांची मुलगी, चिडली नाही. म्हणाली, "मी हे रोज सकाळी जुळवून घेते, काका. तुमचं पंच्याण्णव कुठं काढलं?"

मी सगळं सांगितलं. मशीन, बाटली, देवघर, तुळशीचं पान, टाळ्या. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"तोंड उघडं? दिव्याशेजारी? ह्या उन्हाळ्यात?" ती म्हणाली. "अहो, पाणी उडून गेलं असणार आणि साखर तेवढीच राहिली. पाक आटवावा तसं. पाणी दाट झालं, म्हणून आकडा दुप्पट आला. त्यांना वाटलं मशीन चढलं. त्यांनी चांगलं मशीन पिळून निम्म्यावर आणलं. आता ते सगळ्यांचीच साखर निम्मी दाखवणार."

खरं सांगायचं तर मला एवढा आनंद झाला की माझी स्वतःची एकशेनव्वद मी विसरलो. कारलं फुकट गेलं होतं, जाऊ दे. भैयाजीचं मशीन खोटं होतं! जन्मभर त्याची मीटरची पट्टी बरोबर निघाली होती आणि आज माप चुकलं होतं, तेही देवघरात ठेवलेलं. मी सायकलरिक्षा केली आणि रिक्षावाल्याला घाई करत महालात आलो. ओट्यावर नेहमीची मंडळी होती. मी रिक्षातून उतरता उतरताच ओरडलो.

"खोटं आहे! भैयाजी, तुहं मशीन खोटं आहे! समद्यायची शुगर अर्धी दाखवून राहिलं ते!"

मी सगळं सांगितलं. दम लागला होता, वाक्यं वाकडीतिकडी पडत होती, पण सांगितलं. भैयाजीनं शांतपणे ऐकलं. मग मांडीवर थाप मारली.

"पाहिलं? मी म्हटलं होतं ना, वामन्या काही तरी काढीनच! रेडिओ आला तं खरखर करते म्हणे. फ्रिज आला तं त्याच्या पाण्यानं घसा बसते म्हणे. टीव्ही आला तं मानसं निळी दिसते म्हणे. आता मशीनले पाह्यलं नाही जात त्याच्यानं."

सगळा ओटा हसला. लहान पोट्टे हसले. दारात उभ्या इंदूबाईही पदरात तोंड लपवून हसल्या. ती यादी खरी होती. मी खरं बोलत होतो आणि माझ्या खऱ्याला कवडीची किंमत नव्हती. ती किंमत मीच इतकी वर्षं एकेक खोड काढून घालवली होती.

घरी येऊन खाटेवर पडलो. कौशल्या म्हणाली, "एकशेनव्वद म्हणजे तुमची दुप्पट निघाली की."

"हो."

"मंग त्यायचीबी दुप्पटच असन नं?"

मी उठून बसलो. एवढा वेळ मी गुणाकार केला होता तो फक्त माझ्या आकड्याचा. भैयाजीची दुप्पट करून पाहणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तो रोज आमरस खात होता. एकशेतीस आहे म्हणून खात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, इंदूबाई मागच्या दारानं आल्या. काल हसलेल्या बाई आज रडत होत्या.

"त्यायच्या अंगठ्याचा वास येते वं कौशल्याबाई," त्या म्हणाल्या. "नवी चप्पल लागली होती, फोड आला, म्या हळद भरली. आता अंगठा काळा पडून राहिला. डॉक्टरकडे चला म्हटलं का मशीन दाखवतात मले. शुगरवाल्याची जखम चिघळते, माही शुगर कुठं आहे, म्हणतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही काल सांगून राहिले होते, ते खरं होतं का?"

मी मान हलवली.

"मंग पुन्हा सांगा ना त्यायले."

पुन्हा सांगून काय होणार होतं? मी दहा वेळा सांगितलं असतं तर तो दहा वेळा हसला असता आणि अंगठ्यामागून पाय गेला असता. दुसऱ्या कोणी सांगितलं तरी तो म्हणाला असता, वामन्यानं शिकवून पाठवलं. त्या दुपारी पहिल्यांदा मला भैयाजीचा हेवा वाटला नाही. भीती वाटली. त्याच्याशिवाय समोरचा ओटा कसा दिसेल ते डोळ्यापुढं आलं आणि पाणी प्यावंसं वाटलं.

उन्हातच पुन्हा धंतोलीत गेलो. अरुंधतीबाईंना म्हणालो, तो उपचारासाठी येणार नाही, पण मानपान मिळाला तर कुठंही येईल. तुमचं मशीन त्याच्या मशीनशी जुळवून घ्यायचं आहे, असं मी त्याला सांगतो.

"मी खोटं बोलणार नाही, काका," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण त्यांचं मशीन मला माझ्या मशीनशेजारी ठेवून बघायचं आहे, हे खरंच आहे. तेवढं सांगा. पुढचं तुमचं तुम्ही."

पुढचं माझं मी. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी मी मोरीत उभा राहून ते वाक्य पाठ केलं. आयुष्यात बरीच कडू औषधं प्यालो, पण त्या वाक्याइतकं कडू काही नव्हतं. कौशल्या बाहेरून ऐकत होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

ओटा भरलेला होता. मी मुद्दाम भरण्याची वाट पाहिली होती. भैयाजी तक्क्याला टेकून बसला होता, डावा पाय धोतराच्या सोग्याखाली झाकलेला.

"या निरीक्षकसाहेब," तो म्हणाला. "आज काय खोटं निघालं?"

"भैयाजी," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "चूक माही झाली. लॅबचंच मशीन चुकलं होतं. तुहं मशीन एक नंबर आहे गा. असं मशीन साऱ्या नागपुरात नाही. डॉक्टरीणबाईनं हात जोडून सांगितलं आहे, भैयाजीले म्हणा, मशीन घेऊन या, आमचं मशीन त्यायच्या मशीनशी जुळवून घ्याचं आहे. तुह्या रक्तावरच जुळवते म्हणते."

ओट्यावर एकानं वाहवा म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं, धंतोलीवाले महालात येऊन राहिले विचारायले. मी भैयाजीकडे पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावर मला हवं होतं ते हसू आलं नाही. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "एक नंबर आहे म्हणतो?"

"एक नंबर," मी म्हणालो.

"इंदू," तो आत वळून म्हणाला, "माही टोपी काढ."

मशीन रेशमी उपरण्यात गुंडाळून त्यानं मांडीवर घेतलं. रिक्षात मी शेजारी बसलो. पहिल्यांदा त्याच्या पायाचा वास मला आला आणि मी तोंड दुसरीकडे फिरवलं. गल्लीतली माणसं नमस्कार करत होती. तो हात वर करून स्वीकारत होता. गल्ली संपली आणि तो गप्प झाला. धंतोलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, मोठेपणा अंगात भिनलाय.

लॅबमध्ये अरुंधतीबाईंनी मशीनचं सगळं नीट पाहिलं, उगाच कौतुक केलं नाही. त्याचं रक्त काढलं. त्याच्या मशीनवर त्याच रक्ताचा आकडा दोनशेच्या थोडा वर आला. तिच्या मशीनवर चारशेच्या वर. तिनं दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवले.

मी भांडणाची तयारी ठेवली होती. पण भैयाजीनं खाली वाकून स्वतःच चप्पल काढली, फडकं सोडलं आणि पाय पुढं केला. तिनं अंगठा पाहिला आणि लगेच फोनकडे गेली. शेजारच्याच गल्लीत सर्जनचा दवाखाना होता. संध्याकाळपर्यंत भैयाजी तिथं खाटेवर होता, हातात सलाइन, आणि सर्जन इंदूबाईंना सांगत होते की अंगठा ठेवता येणार नाही, पण पाय वाचेल. आणखी थोडे दिवस गेले असते तर पायाचंही सांगता आलं नसतं.

अंगठा गेला. पाय राहिला. आठवड्याभरानं मी भेटायला गेलो तर त्याच्या खाटेभोवती अर्धी गल्ली. आणि तो सांगत होता.

"डॉक्टरीणबाई म्हणे, भैयाजी, तुमचं मशीन आलं म्हणून आमचं समजलं. दोन्ही मशीनी शेजारी ठेवल्या. आता त्यायचंबी दुरुस्त झालं, माहंबी झालं. पाय तं असाच, गेलोच होतो तं दाखवून घेतला. विचारा वामन्याले. तो होता ना तिथं."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तोंडात सगळं खरं तयार होतं. पाणी कोणाच्या देवघरात आटलं, स्क्रू कोणी पिळला, कोण धंतोलीत उन्हातान्हात दोनदा गेलं, मोरीत उभं राहून कोणी काय पाठ केलं. त्याचा पाय माझ्यामुळं राहिला होता आणि त्यातूनही शाबासकी तोच घेत होता.

"हो," मी म्हणालो. "होतो मी."

मंडळी गेली. इंदूबाई चहा आणायला खाली गेल्या. मी स्टूल ओढून बसलो, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वामन्या."

"काय?"

"त्या बाईचं मशीन चुकलं नव्हतंच ना?"

मी वर पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मले माहीत होतं. तू ओट्यावर बोलला ना, तेव्हाच समजलं."

"तेव्हाच? मंग मी त्याच्या दोन दिवस आधी ओरडत आलो, तेव्हा काहून नाही समजलं?"

"तेव्हा तू खोड काढून राहिला होता. ते तं रोजचंच आहे. पण तू म्हटलं का मशीन एक नंबर आहे, अन् मले माहा अंगठा आठवला गा." तो जरा थांबून म्हणाला. "म्हटलं, साठ वर्षांत ज्यानं माह्या कोण्या वस्तूले चांगलं म्हटलं नाही, तो वामन्या चार लोकायसमोर चांगलं म्हणून राहिला. म्हणजे आपण मरून राहिलो. गेलो उठून."

"समजलं होतं तं सांगितलं काहून नाही? मी येड्यासारखा रिक्षात..."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "इतकं जीव लावून खोटं बोलून राहिला होता तू. लोकायसमोर तुही फजिती झाली असती."

म्हणजे मला वाटत होतं मी त्याची लाज राखली, आणि त्यानं तर माझी राखली होती. आयुष्यात एकदा मी भैयाजीपेक्षा मोठा झालो होतो, असं आठवडाभर मनाशी धरून बसलो होतो. तेही त्यानं नेलं. मला त्याचा इतका राग आला, इतका हेवा वाटला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते थांबेना. भैयाजीनं सलाइनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, आणि इंदूबाई चहा घेऊन आल्या तरी सोडलं नाही.